‘झाडपाल्याचंच आहे, यानं काय होते?’ : पशुखाद्यातील नैसर्गिक पूरके कशी तपासली जातात

नागपूरजवळ काटोल रस्त्यालगतच्या एका गोठ्यात मागच्या पावसाळ्यात गेलो होतो. दहा-बारा गाई होत्या, त्यांत तीन देशी गवळाऊ आणि बाकीच्या संकरित. तपासणी आटोपून चहा घेत असताना गोठेमालकांनी कोनाड्यातून अर्धे रिकामे झालेले एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवले. पाकिटावर गाईचे चित्र होते, ‘संपूर्ण नैसर्गिक, दुष्परिणामरहित’ अशी ठळक अक्षरे होती आणि खाली ‘दररोज ५० ग्रॅम’ एवढीच सूचना होती. ‘डॉक्टरसाहेब, झाडपाल्याचंच आहे हे, यानं काय होते जी?’ त्यांनी विचारले. प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर चहाच्या कपात मावणारे नव्हते. ते येथे सविस्तर मांडत आहे.

अशी पाकिटे गोठ्यांत वाढण्यामागे कारण आहे. जनावरांची वाढ जोमाने व्हावी म्हणून खाद्यातून थोड्या थोड्या मात्रेत प्रतिजैविके देण्याची पद्धत जगभर रूढ होती. त्यातून औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात, हे स्पष्ट झाल्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली. आपल्याकडेही २०१९ मध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक दूध, मांस, अंडी यांसाठी पाळलेल्या जनावरांसाठी आणि त्यांच्या खाद्यपूरकांसाठी बनविण्यास व विकण्यास मनाई झाली. रिकाम्या झालेल्या या जागेत ओवा, दालचिनी, लसूण, हळद, शतावरी यांची चूर्णे, अर्क आणि सुगंधी तेले आली. हा बदल मला स्वागतार्ह वाटतो. परंतु ‘नैसर्गिक’ हा शब्द पदार्थाचे माहेर सांगतो, त्याचा स्वभाव सांगत नाही, आणि तपासणी सगळी स्वभावाचीच असते.

विदर्भातल्या पशुपालकाला हे समजावण्यासाठी दूर जावे लागत नाही, सरकीची ढेप पुरते. कपाशीच्या बीमध्ये गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते, जे किडींपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी झाडाने घडविलेले आहे. ढेपेतील या द्रव्याचा काही भाग मोकळा असतो आणि काही भाग प्रथिनांशी बांधलेला असतो. अपाय प्रामुख्याने मोकळ्या भागाचा होतो, म्हणून प्रयोगशाळेत तो वेगळा मोजतात. मोठ्या गाईच्या कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, गॉसिपॉल बरेचसे बांधले जाते, त्यामुळे माफक ढेप तिला पचते. वासराचे कोठीपोट अजून कामाला लागलेले नसल्याने त्याला मात्र तीच ढेप बाधू शकते. डुकराला आणि कोंबडीला तर कोठीपोटच नसते. सरकीची ढेप जास्त खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्यातला बलक साठवणीत हिरवट-तपकिरी पडतो, आणि असे अंडे फोडून पाहिले की गॉसिपॉल कुठवर पोहोचले ते डोळ्यांनीच दिसते. चीनमध्ये सरकीचे कच्चे तेल स्वयंपाकात वापरणाऱ्या गावांत मूल होत नसल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा या द्रव्याचा पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर होणारा परिणाम लक्षात आला. पुढे १९७० च्या दशकात तेथे हजारो पुरुषांवर ते गर्भनिरोधक म्हणून वापरूनही पाहिले गेले, पण रक्तातील पोटॅशियम घटणे आणि काहींची प्रजननक्षमता परत न येणे यामुळे तो नाद सोडावा लागला. ज्या नागपूर शहरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तेथे राहून ‘झाडाचे आहे म्हणजे निर्धोक’ असे म्हणणे म्हणजे कपाशीकडे पाठ करून बसणे होय.

ढेपेच्या या एका उदाहरणात तपासणीचे जवळजवळ सगळे प्रश्न येऊन जातात: द्रव्य कोणते, कोणत्या रूपात, कोणत्या जनावराला, कोणत्या वयात, किती, किती दिवस, आणि त्याचा अंश दुधा-अंड्यातून कोणापर्यंत पोहोचतो.

‘कोणत्या जनावराला’ हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. मोनेन्सिन हे द्रव्य मातीतला एक सूक्ष्मजीव स्वतःच तयार करतो, म्हणजे उगमाच्या अर्थाने तेही नैसर्गिकच. ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात ते रक्ती हगवणीच्या परजीवीविरुद्ध नेमाने वापरले जाते. तेच घोड्याच्या पोटात गेले तर त्याच्या शरीराच्या दर किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम इतक्या मात्रेलाही हृदयाचे स्नायू निकामी होऊन तो दगावू शकतो. कोंबडीखाद्य बनवून झाल्यावर मिक्सर नीट न झाडता त्यातच घोड्याचे खाद्य बनविल्यामुळे असे प्रसंग घडलेले आहेत.

त्याहूनही विचार करायला लावणारी गोष्ट सुबाभळीची आहे. तिच्या पाल्यात मिमोसिन असते, आणि खुराकात सुबाभूळ फार झाली की जनावराचे केस गळतात, गळ्याजवळची ग्रंथी सुजते. ऑस्ट्रेलियातील जनावरांना हा त्रास व्हायचा, पण हवाईतील शेळ्या तोच पाला खाऊन ठणठणीत राहायच्या. शोध घेतल्यावर आढळले की हवाईतील शेळ्यांच्या कोठीपोटात मिमोसिनपासून तयार होणारे विष फोडणारा एक जीवाणू वस्तीला आहे. तो ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडल्यावर तीही सुबाभूळ पचवू लागली. म्हणजे झाड तेच, जनावराची जातही बदललेली नाही, आणि तरी निष्कर्ष निराळा. एका देशात एका प्रकारच्या खुराकावर वाढलेल्या गुरांत झालेला प्रयोग कुटार (भुसा) आणि ढेपेवर वाढलेल्या आपल्या गुरांना जसाच्या तसा लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही, ते यासाठी.

मात्रेचा धडा कांदा देतो. कळमन्याच्या बाजारात कांद्याचे भाव कोसळले की डागी कांदा गोठ्यांकडे वळतो. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात. थोडा कांदा गाय पचवते, पण रोज टोपलीभर मिळू लागला की काही दिवसांत पेशी फुटून लघवी लालसर-काळपट होते. पशुपालकाला गोचीड तापाची शंका येते आणि डॉक्टरही क्षणभर फसतात. शेळ्या-मेंढ्या हाच कांदा गाईपेक्षा बऱ्याच सहन करतात.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. पहिली पायरी वस्तू नेमकी काय आहे हे ठरविण्याची असते, आणि वनस्पतीजन्य पूरकांचे घोडे बहुतेक वेळा याच पायरीवर अडते. इतवारीतील किराणा ओळीत दोन दुकानांतून मी एकदा शतावरीची मुळे घेतली. एकीकडची मुळे फिकट पिवळी, सोललेली आणि जाडसर होती. दुसरीकडची तपकिरी, सुरकुतलेली होती आणि त्यांना ओलसर कोंदट वास येत होता. दोन्ही पुड्यांवर नाव एकच होते. मुळे कोणत्या जमिनीतली, कोणत्या महिन्यात खणलेली, किती दिवस आणि कशी वाळवलेली, यानुसार त्यांतील गुणद्रव्ये बदलतात. कारखान्यात बनलेले एखादे जीवनसत्त्व दर खेपेला तेच असते, वनस्पतीचे चूर्ण तसे नसते. म्हणून युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण अशा पूरकाच्या किमान पाच निरनिराळ्या लॉटचे रासायनिक विश्लेषण मागते. त्यात गुणद्रव्ये किती, ती लॉटगणिक किती हलतात आणि वनस्पतीत मुळातच असलेली घातक द्रव्ये किती, हे पाहिले जाते. जोडीला बाहेरून आलेली घाणही मोजावी लागते: शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, कीटकनाशकांचे अंश, साल्मोनेला आणि बुरशीची विषे. हळदीला उठाव यावा म्हणून तिच्यात शिशाचा पिवळा रंग मिसळल्याचे प्रकार उघड झालेले आहेत, आणि त्या हळदीत दोष हळदीचा नसतो.

येथे एक गफलत नेहमी होते. विक्रेता ‘लॅब रिपोर्ट’ दाखवतो आणि पशुपालकाचे समाधान होते. त्या कागदावर बहुधा ओलावा, प्रथिने, स्निग्धांश, तंतू, राख आणि वाळू यांचे आकडे असतात. हे विश्लेषण खाद्याचे पोषणमूल्य ठरविण्यासाठी आवश्यक आहे, परंतु त्यात गॉसिपॉल दिसत नाही, शिसे दिसत नाही आणि बुरशीचे विषही दिसत नाही. त्या प्रत्येकाची चाचणी वेगळी मागावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे पडतात.

दुसरी बाब अर्काची. आजीच्या बटव्यातली वस्तू शतकानुशतके वापरात आहे, हा युक्तिवाद मी मोडीत काढणार नाही, कारण दीर्घ वापराची माहिती हाही एक पुरावा असतो. मात्र तो पुरावा त्या वापरापुरता असतो. चिमूटभर ओवा आणि त्यातून काढलेले थायमॉल यांची गाठ एकाच मापाने पडत नाही, आणि द्रावकात उकळून वीस पटींनी दाट केलेल्या अर्काला आजीच्या अनुभवाचे प्रमाणपत्र लावता येत नाही. शिवाय वापर जुना असला म्हणजे त्याचे सगळे परिणाम कोणाच्या लक्षात आलेले असतात असेही नाही. बाळगुटीत उगाळल्या जाणाऱ्या वेखंडाचेच पाहा. त्यातील बीटा-असारोनने प्रयोगातील उंदरांत गाठी झाल्याचे आढळल्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये अन्नपदार्थांत वेखंड वापरण्यास मनाई केली. वीस-तीस वर्षांनी होणारा परिणाम आजीला दिसावा तरी कसा?

असा परिणाम लवकर ओळखण्यासाठी जनुकीय इजेच्या चाचण्या असतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात रुळविलेली एम्स चाचणी. तिची युक्ती मोठी देखणी आहे. साल्मोनेला जीवाणूचे काही वाण असे निवडलेले असतात की त्यांना हिस्टिडीन हा प्रथिनांचा घटक स्वतः बनवता येत नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या जनुकात आधीच बिघाड असतो. हिस्टिडीन जवळजवळ नसलेल्या थाळीवर हे जीवाणू पसरले की ते उपाशी राहतात. ज्या एखाद्या जीवाणूच्या जनुकात योगायोगाने पुन्हा बदल होऊन बिघाड दुरुस्त होतो, तोच वाढतो आणि थाळीवर त्याचा ठिपका दिसतो. असे थोडे ठिपके एरवीही उगवतात. पूरकाचा अर्क घातलेल्या थाळीवर मात्रा वाढवत नेली तसे ठिपकेही वाढत गेले, तर तो अर्क जनुकांत बदल घडवतो असा संशय बळावतो. काही द्रव्ये मुळात निरुपद्रवी असतात आणि यकृतात गेल्यावरच घातक होतात, म्हणून थाळीत उंदराच्या यकृताचा अर्क घालूनही चाचणी पुन्हा करतात.

एवढे करूनही काही द्रव्ये निसटतात. बडीशेपेच्या तेलात थोड्या प्रमाणात असलेले एस्ट्रागोल हे त्यांपैकी एक. ते यकृतात ज्या विशिष्ट प्रक्रियेने घातक होते, ती प्रक्रिया नेहमीच्या यकृत-अर्कात नीट घडत नाही, त्यामुळे एम्स चाचणीची थाळी बऱ्याचदा स्वच्छ दिसते. म्हणून अनुभवी तपासनीस आधी रासायनिक विश्लेषणात एस्ट्रागोल, मिथाइल युजेनॉल, सॅफ्रोल यांची नावे शोधतात आणि सापडली तर थाळी स्वच्छ असूनही हात आखडता घेतात. पाच लॉटचे विश्लेषण ही नुसती कागदपत्रांची भरती नसते, ते यामुळे.

यानंतर, दूध-अंड्यांतून पूरकाचा अंश ज्याच्या पोटात जातो त्या माणसाचा विचार करून, उंदरांवरील ९० दिवसांचा अभ्यास येतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार त्यात पूरक न दिलेला एक गट आणि चढत्या मात्रांचे किमान तीन गट असतात, आणि प्रत्येक गटात किमान दहा नर व दहा माद्या असतात. शेवटी रक्त, अवयवांची वजने आणि ऊती तपासून, ज्या मात्रेपर्यंत कोणताही अपाय आढळला नाही ती मात्रा ठरवतात. उदाहरणादाखल ती दर किलो वजनामागे १०० मिलिग्रॅम आली असे समजू. माणूस उंदरापेक्षा दहापट नाजूक असू शकतो आणि एक माणूस दुसऱ्यापेक्षा दहापट, असे धरून तिला १०० ने भागतात. मग ६० किलोच्या माणसासाठी दिवसाची मर्यादा ६० मिलिग्रॅम होते. आपल्याकडे असे प्रयोग प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या चौकटीत आणि संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीनेच करता येतात.

मग पाळी ज्या जनावरासाठी पूरक आहे त्याची. या चाचणीचा साचा असा: एका गटाला साधे खाद्य, दुसऱ्याला शिफारस केलेल्या कमाल मात्रेचे पूरक आणि तिसऱ्याला त्याच्या अनेक पट, शक्यतो दहापट. युरोपीय मार्गदर्शिकेत ब्रॉयलर कोंबड्यांसाठी ३५ दिवस, दूध सुटलेल्या डुकराच्या पिलांसाठी ४२ दिवस आणि दुभत्या गाईंसाठी ५६ दिवस हा कालावधी आहे. खाणे, वजन, दूध, रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची स्थिती, मरतूक, सगळ्याची नोंद होते.

दहापट कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले आहे. एक कारण मिक्सिंगचे आहे. टनाला १०० ग्रॅम पूरक घालायचे म्हणजे दहा हजार भागांत एक भाग. गोठ्याच्या फरशीवर फावड्याने चुरी, ढेप आणि पूरक कालवले की एका घमेल्यात काहीच जात नाही आणि दुसऱ्यात ढेकूळच्या ढेकूळ जाते. दुसरे कारण आकडेमोडीचे आहे, आणि माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. एखाद्या पूरकाने पन्नासातील एका गाईला अपाय होतो असे समजा. दहा गाईंना ते देऊन पाहिले, तर अशा शंभर प्रयोगांपैकी ऐंशीहून अधिक प्रयोगांत एकाही गाईला काही झालेले दिसणार नाही. ‘दहा गाईंना दिले, काही झाले नाही’ हे वाक्य खरे असूनही त्यातून फारसे काही कळत नाही. गाईंची संख्या हजारांवर नेणे परवडणारे नसते, म्हणून मात्रा वाढवून दडलेला अपाय बाहेर येतो का ते पाहतात.

दूध पिणाऱ्याचे काय, हा प्रश्न अफलाटॉक्सिनच्या आधाराने चांगला समजतो. इंग्लंडमध्ये १९६० मध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले आणि त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या ढेपेत हे बुरशीचे विष सापडले. पावसाळ्यात ओल लागलेली ढेप, मका किंवा वनस्पतीची मुळे यांवर तीच बुरशी येते. गाईने खाल्लेल्या या विषाचा सुमारे १ ते ६ टक्के भाग रूप बदलून दुधात उतरतो. आता हिशेब करू. भारतीय मानकानुसार गाईच्या खाद्यात दर किलोमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत हे विष चालते. गाईने असे ५ किलो खाद्य खाल्ले तर पोटात १०० मायक्रोग्रॅम गेले. त्यातील २ टक्के, म्हणजे २ मायक्रोग्रॅम, १० लिटर दुधात उतरले तर लिटरला ०.२ झाले, आणि दुधासाठी आपली मर्यादा ०.५ आहे. त्याच खाद्यात दर किलोमागे १०० मायक्रोग्रॅम विष असेल तर दुधात लिटरला १ येते, आणि गाय मात्र रवंथ करीत निवांत उभी असते. वनस्पतीजन्य पूरकाच्या प्रत्येक घटकासाठी असाच हिशेब मांडावा लागतो. लसणाचा वास दुधाला येतो हे तर घरोघरी ठाऊक आहे, म्हणजे काहीतरी दुधात उतरतेच.

हाताळणाऱ्या कामगाराचा विचार मात्र आपल्याकडे कोणी करीत नाही. दालचिनीच्या तेलाने कातडीवर चट्टे उठतात, बारीक चूर्णाने दमा बळावतो, आणि पोते फोडणाऱ्या माणसाच्या नाकावर बहुधा फडकेही नसते. पर्यावरणाबाबत वनस्पतीजन्य पूरकांना सहसा सवलत मिळते, कारण ती द्रव्ये निसर्गात आधीच असतात. तरीही गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे, त्या गुरांची प्रेते खाणारी गिधाडे मरून संपत आल्यावर २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली, हे विसरता येत नाही.

त्या गोठेमालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: पाकीट सुरू केल्यावर दूध अर्धा लिटर वाढले. मी विचारले तेव्हा कळले की त्याच आठवड्यात हिरवा चारा सुरू झाला होता. पूरक चांगले नाही असे माझे म्हणणे नव्हते, कारण चांगले की वाईट हे सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हते. पाकिटावर घटकांचे प्रमाण नव्हते, लॉट क्रमांक पुसट होता, गाभण गाईला द्यावे की नाही याचा उल्लेख नव्हता, आणि ५० ग्रॅम हे साडेतीनशे किलोच्या गवळाऊला की पाचशे किलोच्या संकरित गाईला, तेही लिहिलेले नव्हते. वासरांना आणि गाभण गाईंना ते देऊ नये एवढे मी सांगितले. उरलेल्या चूर्णातले मूठभर कोरड्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावायला लावले, आणि दुधाच्या वहीत पाकीट सुरू केल्याची तारीख व भिंगाने वाचलेला तो लॉट क्रमांक लिहून घेतला. उद्या एखादी गाय गाभडली, तर प्रयोगशाळेकडे नेण्याजोगे काहीतरी हाताशी असेल.